विश्वस्त झालात, आता निधी मागायचा आहे

गावोगावी रुग्णसाहित्य केंद्रे असतात. हॉस्पिटलातून घरी आणलेल्या माणसाला लागणारा खाली-वर होणारा पलंग, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून घालायची हवेची गादी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू तिथे अनामत ठेवून नाममात्र भाड्याने मिळतात. केंद्र बहुधा चार-सहा निवृत्त मंडळींनी सुरू केलेले असते. वीस वर्षांनी ती थकतात आणि मग कुणीतरी तुम्हाला गाठते, "तुम्ही आता मोकळे आहात, या आमच्यात." तुम्ही हो म्हणता, ठराव होतो आणि पहिल्याच बैठकीत 'निधी संकलन' हा विषय निघाला की सगळे नव्या माणसाकडे पाहतात. जुन्या विश्वस्तांच्या ओळखीच्या सगळ्यांकडे मागून झालेले असते. तुमच्या ओळखीचे राहिलेले असतात.

हा लेख त्या बैठकीनंतरच्या पहिल्या वर्षासाठी आहे. उदाहरण रुग्णसाहित्य केंद्राचे घेतले आहे, कारण तिथे दिलेल्या पैशाचे पुढे काय होते ते डोळ्यांना दिसते. वाचनालय, वसतिगृह, विशेष मुलांची शाळा चालवणाऱ्या न्यासालाही यातले बरेचसे लागू पडेल. सांगायचे आहे ते एवढेच की देणाऱ्याला मागच्या पैशाचा हिशेब आधी द्या, नवा पैसा नंतर मागा. जिथे देणग्या आटल्या आहेत अशा बहुतेक ठिकाणी लोकांची इच्छा संपलेली नसते. त्यांनी दिलेल्याचे काय झाले, हे त्यांना कुणी कळवलेले नसते.

आधी कपाट उघडा

पहिला महिनाभर कुणाकडे काही मागू नका. सचिवांकडून किल्ली घ्या आणि संस्थेचे कपाट उघडा. धर्मादाय कार्यालयातला नोंदणी दाखला, परिशिष्ट १ ची अलीकडची नक्कल, गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, आयकराची १२ए आणि ८०जीची पत्रे, पॅन कार्ड, बँकेचे पासबुक आणि घटना हे सारे एका फायलीत एकत्र आणा. हे काम कंटाळवाणे आहे, पण मोठा देणगीदार किंवा कंपनी पहिल्या भेटीत नेमके हेच मागते. तेव्हा "बघून सांगतो" म्हणायची वेळ आली तर ती भेट वाया गेली असे समजा.

परिशिष्ट १ काळजीपूर्वक वाचा. त्यात विश्वस्तांची नावे असतात, आणि अनेक न्यासांत ती नावे दहा-पंधरा वर्षांपूर्वीची, काही तर दिवंगतांची असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तुमच्या नेमणुकीचा अर्ज गेला आहे का, हे स्वतः विचारा. मागचे बदल अर्ज प्रलंबित असतील तर तेही वकिलांकडून मार्गी लावा. कागदावर तुम्ही विश्वस्त नसाल तर बँकेत सह्या बदलत नाहीत, आणि चेकवर सही करणारे अण्णा मुलाकडे बंगळुरूला गेले की पगारही अडतो. हिशेबाची तपासणी झालेली पत्रके वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात दाखल व्हायला हवीत. म्हणजे मार्चअखेरीचा हिशेब सप्टेंबरअखेरपर्यंत. ती पोच फायलीत आहे ना, तेही पाहा.

८०जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता आता कायमची नसते. २०२१ पासून ती मुदतीची झाली आहे. नियमित मान्यता पाच वर्षांची असते आणि मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. पत्रावरची तारीख पाहा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहा. मुदत संपलेल्या ८०जीच्या जोरावर पावत्या फाडणे म्हणजे देणगीदाराला खोटे सांगणे. आयकराचा नवा कायदा, २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे व फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. पण संस्थांमध्ये आणि देणगीदारांच्या तोंडी अजून '८०जी', '१२ए' हेच शब्द आहेत, म्हणून इथेही तेच ठेवले आहेत. नवे क्रमांक तुमच्या सीएंकडून समजून घ्या.

आता कपाटाच्या खालच्या कप्प्यात पाहा. तिथे जुन्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती असतात. कार्बनची निळी अक्षरे पुसट झालेली, रबर स्टॅम्प अर्धा उमटलेला, काही पुस्तकांना वाळवी लागलेली. नव्या विश्वस्ताला याहून मोलाची वस्तू त्या खोलीत दुसरी नाही. एकेक पान उलटा आणि गेल्या पाच-सात वर्षांत ज्यांनी दिले त्यांची नावे, रक्कम, कारण एका वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवा. तुमच्या लक्षात येईल की निम्म्याहून अधिक नावे एकदाच येतात. कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला ५,००० दिले, कुणी पंचाहत्तरीला व्हीलचेअर दिली, आणि नंतर संस्थेने त्यांना ना पत्र पाठवले, ना अहवाल.

दुसरी वही देवघेवीची. कोणती वस्तू कोणत्या तारखेला कुणाकडे गेली आणि कधी परत आली, याची नोंद तिच्यात असते. या दोन वह्या शेजारी ठेवून बसा. पावतीपुस्तकात पलंग क्रमांक १४ कुणी दिला ते सापडते. देवघेवीच्या वहीत तो पलंग किती घरी गेला ते सापडते. त्यातून पहिला फोन तयार होतो, आणि तो मागण्याचा नसतो:

"बाई, नमस्कार. रुग्णसाहित्य केंद्राचं काम आता मी पाहतोय. तुम्ही सरांच्या स्मरणार्थ पलंग दिला होता ना, त्याची नोंद काल वहीत पाहिली. तो आतापर्यंत अकरा घरी जाऊन आलाय. सध्या स्टँडच्या बाजूला एका आजींकडे आहे. एवढंच सांगायला फोन केला."

आजींचे नाव सांगायचे नाही. रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये. पण एवढ्या दोन वाक्यांनंतर पलीकडून बहुतेक वेळा एकच प्रश्न येतो, "अजून काही लागतंय का तुम्हाला?" त्या वेळीही घाई करू नका. "लागेल तेव्हा नक्की येईन" म्हणा, आणि खरोखर जा.

नेमके किती, नेमके कशासाठी

"सढळ हाताने मदत करावी" असे पत्रक छापून काही होत नाही. किती कमी पडते आहे, हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यायला हवे. समजा, केंद्राच्या गाळ्याचे भाडे वर्षाला ९६,००० रुपये आहे. काउंटरवर बसणाऱ्या ताईंचे मानधन १,२०,०००. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या दुरुस्तीवाल्याचे ३६,०००. सुटे भाग, गादीचे पंप, कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर यांचे ४०,०००. पलंगाच्या ने-आणीचा टेम्पो ३०,०००. वीज, छपाई, ऑडिट मिळून ३८,०००. एकूण ३,६०,०००. नाममात्र भाड्यातून १,२०,००० येतात. उरलेले २,४०,००० हा तुमचा आकडा.

या यादीत नवी व्हीलचेअर कुठेच नाही, हे पाहिलेत? स्मरणार्थ व्हीलचेअर द्यायला लोक आनंदाने तयार असतात. वस्तूवर आईवडिलांचे नाव रंगवता येते, फोटो काढता येतो. परिणामी अनेक केंद्रांच्या माळ्यावर पुढचे चाक तुटलेल्या, पायटा गळलेल्या व्हीलचेअर एकावर एक रचलेल्या दिसतात आणि काउंटरवर मात्र "सध्या शिल्लक नाही" असा बोर्ड असतो. वस्तू कमी नाहीत. त्या दुरुस्त करणाऱ्याचा पगार कमी आहे. त्यासाठी मागायला विश्वस्तांना संकोच वाटतो, कारण दुरुस्तीवाल्याच्या पगारावर कुणाचे नाव कोरता येत नाही.

संकोच सोडा. देणगीदार समजूतदार असतो, त्याला फक्त चित्र दाखवावे लागते. त्याला केंद्रात बोलवा. माळ्यावरचा ढीग दाखवा, आणि त्याच वेळी दुरुस्तीवाला एखादी बेअरिंग बदलत असेल तर तिथे पाच मिनिटे उभे करा. मग सांगा, की इतक्या पैशांत या सहा खुर्च्या पुन्हा घराघरांत जातील. नव्या खुर्चीला पैसे देऊ पाहणाऱ्यालाही नम्रपणे विचारा, "खुर्ची घेऊच, पण तिची पाच वर्षांची देखभालही तुमच्याच नावाने धरू का?" पुष्कळ लोक हो म्हणतात. नवी वस्तू घ्यायची तर तिच्या किमतीबरोबर देखभालीचा वाटा घ्यायचाच, असा ठराव विश्वस्त मंडळाने करून टाकला तर प्रत्येक वेळी वाद होत नाही.

आपल्या खिशातून सुरुवात

मागायला जाण्याआधी स्वतः द्या. रक्कम ऐपतीप्रमाणे असावी, ५०० असो की ५०,०००. पण सगळ्या विश्वस्तांनी त्या वर्षी काही ना काही दिले आहे, असे तुम्हाला सांगता आले पाहिजे. गावातला जाणता व्यापारी समोर बसवून हमखास विचारतो, "तुमच्या मंडळींनी किती घातले?" त्याला उत्तर हवेच. एखाद्या विश्वस्ताची परिस्थिती नसेल तर त्याला लाजवू नका. त्यांनी शंभर रुपये दिले तरी "सगळ्यांनी दिले" हे वाक्य खरे राहते.

त्यानंतर नावांची यादी. लग्नाच्या आमंत्रणाची जुनी वही, फोनमधले क्रमांक, दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप गट, सोसायटी, नोकरीतले सहकारी यांतून तीस-चाळीस नावे काढा. प्रत्येक नावापुढे लिहा, की या माणसाचा आजारपणाशी, म्हाताऱ्यांच्या सेवेशी काही संबंध आला आहे का. ज्याने वडिलांना चार महिने अंथरुणावर सांभाळले आहे त्याला हवेच्या गादीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. श्रीमंत पण ज्याचा या विषयाशी काडीचा संबंध नाही अशा माणसामागे धावण्यात नवे विश्वस्त फार वेळ घालवतात. यादीत तो शेवटी ठेवा.

मागायला शक्यतो दोघांनी जावे, एक नवा आणि एक जुना. वेळ ठरवून जा. दुकानदाराकडे संध्याकाळच्या गर्दीत आणि घरी जेवणाच्या वेळी नको. जाताना अहवाल न्या, पण तो वाचून दाखवू नका. काम दोन-चार वाक्यांत सांगा, आणि मग नेमकी रक्कम बोला:

"शेठ, दुरुस्तीवाल्याचं वर्षाचं मानधन छत्तीस हजार आहे. त्यातल्या तीन महिन्यांचा वाटा, नऊ हजारांचा, तुम्ही उचलावा असं मनात धरून आलोय."

एवढे बोलून थांबा. हे थांबणे सगळ्यात अवघड जाते. आपण घाबरून लगेच "म्हणजे जमेल तेवढं, पाचशे दिले तरी चालेल" असे म्हणून मोकळे होतो, आणि मग पाचशेच मिळतात. समोरच्याला विचार करू द्या. तो कमी म्हणाला तर तेवढेही आनंदाने घ्या. नाही म्हणाला तर चहा घेऊन, केंद्राचा फोन नंबर देऊन उठा: "घरात कधी गरज लागली तर कळवा, पैशाचा प्रश्न नाही." नकार देणाऱ्या घरातही उद्या कुणाचे तरी खुब्याचे हाड मोडणार असते, आणि केंद्र त्यांच्यासाठीही आहे. पैसे दिले नाहीत म्हणून मनात अढी ठेवणाऱ्याने हे काम करू नये.

अनामत आणि देणगी

रुग्णसाहित्य केंद्रात एक जागा फार नाजूक आहे. वस्तू परत करायला आलेला मुलगा किंवा सून काउंटरसमोर उभी असते. पुष्कळदा माणूस गेलेला असतो. तेराव्यानंतर घर आवरताना पलंग परत आणलेला असतो. ताई अनामतीचे ३,००० रुपये मोजून पुढे करतात आणि तो म्हणतो, "राहू द्या तुम्हालाच." काही ठिकाणी ताईंना सांगूनच ठेवलेले असते, की अशा वेळी देणगीचे सुचवा.

असे सुचवू नये, असे माझे ठाम मत आहे. अनामत ही त्याची ठेव आहे, ताळेबंदात ती देणे म्हणून दिसते. ती आधी पूर्ण परत करा, सही घ्या. त्याला द्यायचेच असेल तर वेगळी पावती, शक्यतो बँकेतून. काउंटरवर ठळक पाटी लावा: 'अनामत परत घेणे हा आपला हक्क आहे.' या पाटीमुळे चार देणग्या कमी मिळतील असे वाटते, पण ज्या गावात लोकांना खात्री असते की इथले पैसे इथून परत मिळतात, तिथे पाच वर्षांनी मोठ्या देणग्याही विश्वासाने येतात. महिन्याभराने त्या घराला एक पत्र पाठवा: आपण परत केलेला पलंग निर्जंतुक करून दुसऱ्या घरी गेला आहे, आपल्या घरच्यांची आठवण आम्हालाही आहे. त्या पत्रात मागणी नको, खाते क्रमांकही नको. त्या घराचे नाव मात्र वार्षिक अहवाल पाठवायच्या यादीत घाला.

पावतीची शिस्त

ज्या दिवशी पैसे आले त्या दिवशी पावती. ही शिस्त एकट्या नव्या विश्वस्ताने पाळली तरी संस्थेचे नाव बदलते. पावतीवर नाव, पत्ता, पॅन, रक्कम, रोख की बँक, कशासाठी, आणि ८०जीचा क्रमांक हवा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८०जीची सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधी सांगा. नंतर कळले तर तो दुखावतो. वस्तुरूपाने दिलेल्या मदतीवरही सवलत नाही. जुना वॉकर दिला तर आभारपत्र द्या, किमतीची पावती नको.

काउंटरवरचा क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच असावा. "खजिनदारांच्या नंबरवर टाका, ते भरतील" हे एकदाही चालू देऊ नका, खजिनदार कितीही सज्जन असले तरी. क्यूआरची एक अडचण अशी, की बँकेच्या विवरणात नुसते नाव आणि व्यवहार क्रमांक येतो, पॅन-पत्ता येत नाही. म्हणून कोडखाली लिहा, की पावतीसाठी आपले नाव, पत्ता, पॅन या क्रमांकावर कळवा, आणि शेजारी एक वही ठेवा. संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत मागच्या आर्थिक वर्षातल्या देणगीदारांचे विवरण आयकर खात्याच्या पोर्टलवर भरावे लागते. आजवर ते १०बीडी नावाने ओळखले गेले. त्यात नाव असेल तरच देणगीदाराला तिथून निघणारे प्रमाणपत्र देता येते, आणि त्याशिवाय त्याला सवलत घेता येत नाही. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा दर महिन्याला यादी पुरी करत जा.

दानपेटी ठेवायला हरकत नाही. महिन्याला एकदा दोघांच्या समक्ष उघडावी, रक्कम वहीत लिहून दोघांच्या सह्या व्हाव्यात. निनावी देणग्यांची रक्कम एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांतली जी मोठी असेल तिच्यापुढे गेली तर वरच्या रकमेवर ३० टक्के कर लागतो, हेही लक्षात असू द्या.

करसवलतीवर भर देऊन मात्र मागू नका. बहुतेक स्थानिक न्यासांना दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेवरच वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या मर्यादेत, आणि नव्या करप्रणालीत तर ही वजावट नाहीच. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने जुन्या प्रणालीत राहून १०,००० दिले तर त्याचा कर हजारभर रुपयांनी वाचतो. कुणी एवढ्यासाठी दहा हजार देत नाही.

थोडे थोडे, पण दर महिन्याला

वर काढलेला २,४०,००० चा आकडा पुन्हा पाहा. शंभर माणसांनी महिन्याला २०० रुपये दिले तर वर्षाची तूट भरून निघते. एका मोठ्या दात्याच्या शोधात असणाऱ्या विश्वस्तांना हा मार्ग संथ वाटतो. मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण एक मोठा दाता गेला की संस्था कोसळते, शंभरांतले दहा गेले तर नवे दहा मिळवता येतात. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी माणशी एक पैसा गोळा करण्याची पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी बायका दळणकांडणातून मूठभर धान्य बाजूला काढत; त्या मुष्टिफंडाने घराघराला संस्थेशी बांधले.

आज मुठीऐवजी बँकेचे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन आहे. अर्ज तुम्हीच आणून द्या, भरायला मदत करा, पॅन एकदाच घ्या आणि वर्षअखेरीला एकत्र पावती द्या. शंभर एकदम होणार नाहीत. पहिल्या वर्षी तीस झाले तरी उत्तम. या तीसजणांना तीन महिन्यांनी एकदा दहा ओळींचा मजकूर पाठवा: किती वस्तू गेल्या, किती परत आल्या, काय मोडले, काय दुरुस्त झाले, शिल्लक किती. मोडल्याचेही लिहा. सगळे छान छान असलेल्या मजकुरावर कुणाचा विश्वास बसत नाही.

वर्षाचे दिवसही आपल्याकडे ठरलेले आहेत. भाद्रपदात गणपतीपाठोपाठ पितृपक्ष येतो, आणि गेलेल्या माणसाच्या नावे काही करावे ही इच्छा त्या पंधरवड्यात घराघरांत असते. पुण्यात 'देणे समाजाचे' हे सामाजिक संस्थांचे प्रदर्शन पितृपक्षात भरते ते याच भावनेला धरून. 'लोकसत्ता'चा 'सर्वकार्येषु सर्वदा' हा उपक्रम गणेशोत्सवात संस्थांची ओळख करून देतो. तुमच्या केंद्राला एवढा मोठा मंच मिळेलच असे नाही, पण पितृपक्षाच्या आठवडाभर आधी जुन्या देणगीदारांना पत्र जाणे तुमच्या हातात आहे. वाढदिवस, साठीशांत, लग्नाचा वाढदिवस यांसाठी 'एक दिवसाचा खर्च' अशी योजना ठेवा: वरच्या हिशेबात तो दिवसाला साधारण हजार रुपये पडतो. त्या दिवशी फळ्यावर नाव लिहा. मार्चअखेरीला व्यापारी आणि सीए मंडळींकडे जा, पण पंधरा मार्चच्या आत. शेवटच्या आठवड्यात त्यांना मान वर करायला वेळ नसतो.

नाटकाचा प्रयोग, गाण्याचा कार्यक्रम, स्मरणिका यांबद्दल थोडक्यात सांगतो. सभागृह, कलाकार, ध्वनी, जेवण यांचा खर्च आधी मांडा; पुष्कळ कार्यक्रमांत तिकीटविक्रीतून खर्च जेमतेम निघतो आणि सहा विश्वस्तांचे दोन महिने जातात. कार्यक्रम करायचा तर नवी माणसे जोडण्यासाठी करावा. स्मरणिकेतल्या जाहिरातीचे पैसे देणगी नव्हेत, त्यावर ८०जीची पावती देऊ नये.

कायम निधी, कंपन्या, परदेशातले पैसे

कुणी मोठी रक्कम देताना "व्याजावर काम करा, मुद्दल मोडू नका" म्हणाले तर ते त्यांच्याकडून लेखी घ्या. असे पत्र असेल तरच ती रक्कम कायम निधीत धरता येते, आणि ती कायद्याने सांगितलेल्या प्रकारांत, उदाहरणार्थ राष्ट्रीयीकृत बँकेतल्या मुदत ठेवीत, वेगळी गुंतवावी लागते. मंडळातल्या कुणाच्या ओळखीच्या पतसंस्थेत जास्त व्याजासाठी ठेवण्याचा आग्रह झाला तर इतिवृत्तात तुमचा विरोध नोंदवा.

जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीकडे जायचे असेल तर कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ची माहिती हवी. निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करावे लागतात. तुमच्या न्यासाकडे १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ ही नोंदणी असल्याशिवाय कंपनी पैसे देऊ शकत नाही. तीन वर्षांच्या कामाची नोंदही लागते. लहान न्यासाने पहिल्याच वर्षी यामागे फार धावू नये. कारखान्याच्या व्यवस्थापकाला आधी केंद्र दाखवा, त्यांच्या कामगारांच्या घरी वस्तू द्या. ओळख झाली की अर्ज सोपा जातो.

परदेशातल्या नातेवाइकांबद्दल मात्र पूर्ण सावध राहा. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक विश्वस्ताचा मुलगा, पुतणी किंवा वर्गमित्र अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात असतो, आणि "मी पाठवतो डॉलर" असे तो मनापासून म्हणतो. त्याला पहिला प्रश्न विचारा: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी भारतीय आपल्या कमाईतून, नेहमीच्या बँकमार्गाने देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फायलीला लावा. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर तो मूळचा सांगलीचा असो, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असो, त्याचे पैसे परदेशी देणगीच. सुट्टीत गावी आल्यावर रुपयांत चेक दिला तरीही. त्यासाठी परदेशी देणगी नियमन कायदा, २०१० खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावी लागते. नोंदणीसाठी न्यास किमान तीन वर्षांचा असावा लागतो आणि त्याने तीन आर्थिक वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले असावे लागतात; बहुतेक लहान केंद्रे त्यात बसत नाहीत. "भावाच्या खात्यात पाठवतो, तो पुढे देईल" ही पळवाट सुचवली जाईल. ती घेऊ नका. अशा पुतण्याला सांगा, गावी आलास की दोन दिवस केंद्रात बस, वस्तूंची नोंदणी संगणकावर लावून दे.

एक प्रस्ताव मात्र नव्या विश्वस्ताकडे हमखास येतो, कारण तो नवा असतो. ओळखीचा कुणीतरी सांगतो, की एक पार्टी पाच लाखांचा चेक देईल, ८०जीची पावती द्यायची आणि साडेचार लाख रोख परत करायचे. पन्नास हजार संस्थेला राहतील. गाळ्याचे सहा महिन्यांचे भाडे त्यात निघते, म्हणून मंडळात एखादा सदस्य डळमळतोही. हा गुन्हा आहे. सही तुमची असते आणि बुडते ती केंद्राची नोंदणी. त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा, "मंडळात विचारून सांगतो" असे म्हणू नका, आणि पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात असा प्रस्ताव आला होता व तो नाकारला, अशी नोंद अध्यक्षांच्या सहीने करून घ्या.